उजेडात तोंड करा

रत्नागिरीत सूर्य कोणत्या वेळी कुठे असावा हे ठरवण्याचा अधिकार पंचांगाकडे नसून माझ्या घरमालकीणबाईंकडे होता, असं माझं आजही पक्कं मत आहे. चित्रकलेचा मास्तर म्हणून शाळेत नेमणूक झाली आणि मी घाटावरून तिथे गेलो. पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगणात वळकटी टेकवून मी खोलीची चौकशी केली. पडवीतून उत्तर आलं ते खोलीबद्दल नव्हतं. "आधी उजेडात तोंड करा," बाई म्हणाल्या. मी वळलो. त्यांनी मला डावीकडे जरा सरकवलं, हनुवटी वर करायला लावली, क्षणभर निरखून पाहिलं आणि खोली दिली. माझं नाव त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं. तोपर्यंत मी 'मास्तर' झालो होतो आणि शेवटपर्यंत तेवढाच राहिलो.

बाई कधी काळी मुक्या चित्रपटांत नाचत आणि कामं करत असत, हे मला गल्लीने पहिल्या आठवड्यातच पुरवणीसकट सांगितलं. त्यामुळे त्यांच्या उजेडाच्या वेडाचं मला नवल वाटलं नाही. तेव्हाची चित्रं उन्हात घेत, छत काढलेल्या स्टुडिओत, आणि ढग आला की राजासकट सारा दरबार विड्या ओढत बसे. ती सवय बाईंच्या हाडात मुरली होती. त्यांच्या घरी उजेडाकडे पाठ करून बसायची कोणाची टाप नव्हती. सकाळी आलेला पाहुणा पूर्वेच्या पडवीत, दुपारचा मागच्या दारी आणि उतरत्या उन्हाचा तुळशीपाशी. पाहुणा रेंगाळला तर त्याला पाटासकट फिरवत. नगरपालिकेचा एक कारकून सांडपाण्याच्या तक्रारीची चौकशी करायला सकाळी आला, तो ऊन उतरेपर्यंत तीन जागी बसून तीनदा चहा पिऊन गेला, आणि आपण कशासाठी आलो होतो ते त्याला कचेरीत पोहोचल्यावर आठवलं. पाहुण्यामागोमाग बाईंच्या म्हाताऱ्या आईही आपली वातींची परडी घेऊन सरकत आणि त्याच्या समोर, उजेडाला पाठ देऊन बसत. म्हातारपणी पाठीला ऊन बरं वाटत असेल, एवढाच मी त्याचा अर्थ लावला होता. माणूस चित्रकलेचा मास्तर झाला म्हणून त्याला सगळं दिसतंच असं नाही.

बाईंचं दुसरं वेड म्हणजे फेरे. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला दोन फेरे, आणि नाचताना बाई तबल्यापेक्षा त्या कुरकुरीवरच ताल धरत. त्यामुळे जगातली सगळी कामं त्या फेऱ्यांत मोजत. भाताला कढ यायला इतके फेरे, बंदराहून घरी यायला इतके फेरे. जात्यावर बसल्या म्हणजे जातंही त्याच गतीने फिरे, आणि मध्ये कोणी बोललं तर हात न थांबवता नुसती भुवई वर जाई. त्या एका भुवईत 'आत्ता नको', 'तुम्हाला अक्कल नाही' आणि 'चहा चुलीवर आहे' एवढं सगळं मावत असे. स्टुडिओतला तबलजी एकदा आजारी पडला तेव्हा सुताराने फळीवर हातोडी मारून ताल दिला आणि इंद्राच्या दरबारातला तो नाच सगळ्यांत चांगला वठला, असं त्या मोठ्या समाधानाने सांगत.

स्टुडिओतून येताना त्यांनी दागिने, शालू असलं काही आणलं नव्हतं. आणले होते चंदेरी कागद चिकटवलेले दोन मोठे फळे. नटीच्या तोंडावर ऊन परतवण्यासाठी ते लागत. बाई त्यांच्यावरून आंबापोळ्यांवर ऊन परतवत. शेजाऱ्यांची पोळी चार दिवसांत वाळे, तिथे बाईंची दोन दिवसांत ताटावरून सुटून येई. एकदा फळा जरा तिरका लागला आणि ती तिरीप शेजारच्या निवृत्त शिरस्तेदारांच्या टकलावर जाऊन बसली. ते आरामखुर्चीतून उठून भांडायला आले. बाईंनी आधी त्यांना उजेडात बसवलं, ऐकून घेतलं आणि फळा हलवला. पण त्या वर्षी थंडी जरा जास्त पडली, तेव्हा तेच शिरस्तेदार कुंपणावरून हळूच म्हणाले, "बाई, ते तुमचं ऊन जरा माझ्या डाव्या गुडघ्याकडे वळवाल काय?" तेव्हापासून रोज सकाळी काही फेरे त्यांच्या गुडघ्यासाठी राखून ठेवलेले असत.

बाई चित्रपटात गेल्या त्याची हकिकत त्या स्वतः सांगत नसत, शिरस्तेदारांकडून ऐकावी लागे. ती अशी. समुद्राचा प्रसंग घ्यायला मुंबईहून एक मंडळी भाट्याच्या पुळणीवर आली होती. त्यांची अप्सरा म्हणजे दाढी घोटलेला एक दणकट गृहस्थ. त्याला पाहून समुद्रही मागे सरला असता. तेवढ्यात मंडळींच्या मालकाला लांबवर एक मुलगी दिसली. ती दोन्ही हात पसरून, डोळे मोठे करून, कपाळ बडवून घेऊन अशी काही व्यथा दाखवत होती की मालकाला वाटलं, एवढं विरहाचं दुःख आपण नाटकातसुद्धा पाहिलं नाही. तो धावत तिकडे गेला. ती मुलगी म्हणजे बाई. समोर ओल्या वाळूत तिची आई शिंपल्या वेचत होती, आणि बाई तिला एवढंच सांगत होत्या की शेळी सुटली आणि खोतांच्या वाडीत शिरली.

कारण बाईंच्या आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजी, बहिऱ्या होत्या. बाई तान्ह्या असताना आजींना ताप आला आणि त्यात कान गेले ते गेलेच. वडील लवकर वारले. बाई लहानपणापासून आईशी बोलल्या त्या तोंडाने, हाताने आणि भुवईने, आणि आजी ते ओठांवरून वाचत. आजी काय काय वाचत याची गल्लीला धास्ती होती. माझा शाळेतला एक मित्र, तिथलाच राहणारा, एकदा माझ्याकडे जेवला आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला हात धुताना मला हळूच म्हणाला, "एवढी पाणचट आमटी रोज जेवतोस?" दुसऱ्या दिवशी आमटीत इतकी मिरची होती की माझ्या नाकातून पाणी आलं. आजी शांतपणे म्हणाल्या, "मित्राला सांग तुझ्या, आज पाणचट नाय म्हणून. तू काय बोललास ते काय दिसलं नाय. तुझं घाटावरचं तोंड मेलं अर्धं मिटलेलं." आजींना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे हे त्यांचं हळू बोलणं शिरस्तेदारांपर्यंत गेलं, आणि त्यांनी कुंपणापलीकडून ठसका लागल्यासारखं हसून घेतलं.

लेक बोटीने मुंबईला निघाली तेव्हा आजी बंदरावर गेल्या होत्या. लांब उभ्या बोटीपर्यंत नेणारा पडाव सुटला, बाई त्यात उभं राहून तोंडाने काहीतरी सांगू लागल्या, आणि आजींनी पाठ फिरवली. आपण रागावलो तर 'ऐकायचं नाही मला' म्हणतो आणि तरी ऐकू येतंच. आजींनी पाठ फिरवली म्हणजे खरोखरच ऐकणं संपलं. पुढे बाईंनी बरीच कामं केली. आधी इंद्रसभेत मागच्या ओळीत, मग पुढच्या, मग वनवासी राण्या, आणि शेवटी शेवटी तर घोड्यावर बसून तलवारही चालवली. त्यांची चित्रं रत्नागिरीत तंबूत येत. दिवसा नाकं मुरडणारी गल्ली संध्याकाळी डोक्यावरून पदर घेऊन ती दोनदोनदा पाहून येई. आजी एकदाही गेल्या नाहीत. मग बोलपट आले, वर्षभरात बाई परत आल्या, आणि त्यांचा आवाज नापास झाला असणार असं गल्लीने ठरवून टाकलं. आजींनी लेकीला घरात घेतलं, ताटात वाढलं, तिच्या आजारपणात कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मी राहायला गेलो तेव्हा या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. एका चुलीवर दोघींचं शिजत होतं आणि लेकीचा एक शब्द आईपर्यंत पोहोचत नव्हता. त्या घरात सगळं सुख होतं, एवढं एक सोडून.

माझ्या पहिल्या वर्षाच्या मे महिन्यात मी घाटावर गेलोच नाही. निसर्गचित्रं काढायची आहेत असं घरी कळवलं होतं. खरं कारण पिकलेले आंबे. एका दुपारी बाई ताटात रस पसरत होत्या आणि मी फळा धरून उभा होतो. रस्त्याने तंबूवाल्याची बैलगाडी ढोल वाजवत गेली. तंबूत अजून बोलणारं यंत्र आलं नव्हतं, म्हणून जुनीच चित्रं लावत, आणि गाडीवरच्या पाटीवर वनवासी राणीच्या वेषात आमच्या बाई होत्या. मी गमतीने विचारलं, "बाई, त्या मुक्या चित्रात ओठ तर हलतात. तेव्हा बोलायचात काय?"

"काय वाट्टेल ते," बाई म्हणाल्या. "नंतर अक्षरांची पाटी यायची, 'हे निर्दय नाथा'. ऐकतंय कोण? राजाचं काम करणारा विड्याच मागायचा सारखा." थोडा वेळ रस पसरून झाला. मग त्या ताटाकडेच बघत म्हणाल्या, "मी आईशी बोलायची. तोंड मोठं दाखवायची वेळ आली की उजेडात नीट तोंड करायची आणि घरातलं काय ते विचारायची. कधीतरी बघायला जाईल, तिला कळेल. बोलपटात दुसऱ्यानं लिहिलेलं बोलावं लागतं, मास्तर. एकच केला. आवाज झक्क होता माझा. पण मग तिच्याशी बोलू कधी?"

मी फळा धरून तसाच उभा राहिलो. ऊन आंबापोळीवरून सरकून भिंतीवर गेलं तरी मला कळलं नाही, आणि त्याबद्दल बाईंनी भुवईने माझी चांगलीच हजेरी घेतली.

दुसऱ्या दिवशी बाई बाजारात गेल्यावर मी आजींसमोर उजेडात बसलो आणि त्यांना सांगू लागलो. त्यांना काही वाचता येईना. "तोंड उघड रे," त्या म्हणत. शेवटी मी लाज सोडली आणि शाळेतल्या मित्रासारखं, हेल काढून, ओठ चांगले हलवून, रत्नागिरीकरांसारखं बोललो. माझ्या त्या बोलीवर कुंपणापलीकडून पुन्हा ठसका ऐकू आला, पण आजींना समजलं. लेक चित्रात बोलते, ती तुमच्याशी बोलते, असं मी सांगितलं. आजी म्हणाल्या, "मुकं असतं ना ते?"

"लोकांना मुकं. तुम्हाला नाय."

आजी वात वळायच्या थांबल्या. "लोक म्हणतात, नाचायला गेली म्हणून म्हातारी रागावली," त्या म्हणाल्या. "नाचली तर नाचली. माझे कान होते रे ते. एकदा तापात गेले नि एकदा बोटीत बसून गेले. दुसऱ्यांदा जास्त दुखलं." मग परडी उचलून त्या आत गेल्या. उंबऱ्यावरून एवढंच म्हणाल्या की शिरस्तेदारांच्या बायकोला विचार, ती बरोबर येत असली तर बघू, आणि लेकीला यातलं काही सांगायचं नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही गेलो. बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत आजी आणि शिरस्तेदारीणबाई, दोरीच्या अलीकडे मी आणि शिरस्तेदार. पेटी-तबला सुरू झाला. पडद्यावर पाटी आली की तंबूवाल्याचा माणूस ती मोठ्याने वाचून दाखवी. राजाने राणीला घालवून दिलं, राणीचं तोंड पडदाभर मोठं झालं, ओठ थरथरले, आणि वाचणारा गरजला, "हे निर्दय नाथा, या अबलेचा काय अपराध?" त्यावर आजी तंबूभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोंबड्या खुराड्यात घातल्यास काय, विचारत्ये."

लोकांनी आधी शुक् शुक् केलं. मग आणखी एकदा राणीचं तोंड मोठं झालं आणि वाचणाऱ्याने "हे वनदेवते" म्हटल्याबरोबर आजींनी खुलासा केला की हिच्या नाकात कापूस गेलाय. ढग कापसाचे होते हे तेव्हा साऱ्यांच्या ध्यानात आलं आणि तंबू हसून लोटपोट झाला. त्यानंतर पाट्या वाचणाऱ्याला कोणी विचारेना. राणीचे ओठ हलले की पुरुषांच्या बाजूने हाक यायची आणि शिरस्तेदारीणबाई आजींना कोपराने ढोसायच्या. राणी वाघासमोर उभी राहून म्हणाली की यंदा कोकमं जास्त घाल. राणी ऋषींच्या पाया पडताना म्हणाली की शेळीला दोरी नवीन बांध. आजी एकेक सांगत होत्या, हसत होत्या, पदराने डोळे पुसत होत्या. मीही पुसत होतो. शिरस्तेदार म्हणाले की त्यांना धुराचा त्रास होतो.

शेवटी राणी नदीच्या काठी एकटी उभी राहिली. तोंड मोठं झालं. ती दोनच शब्द बोलली आणि तेच पुन्हा बोलली. तंबू आजींकडे बघू लागला. आजी काही सांगेनात. शिरस्तेदारीणबाईंनी ढोसलं, तरी नाही. पेटीवालाही थांबला. मग आजी पडद्याकडे बघत, कोणाला सांगितल्यासारखं नव्हे, उत्तर दिल्यासारखं म्हणाल्या, "ये गो. विचारत्येस काय? घर तुझंच आहे."

मागे, बायकांच्या अगदी शेवटच्या ओळीत, कोणीतरी उठून उभं राहिलं. तंबूवाल्याच्या आग्रहावरून बाई डोक्यावरून पदर घेऊन येऊन बसल्या होत्या. आम्हाला पत्ता नव्हता, आणि आजी येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. खेळ संपला, दारातली बत्ती मोठी झाली, बाई ओळींतून वाट काढत पुढे आल्या. आजींनी वळून पाहिलं. बाई काहीतरी बोलू लागल्या, पण बत्ती त्यांच्या मागे होती आणि तोंड पार अंधारात. जन्मभर साऱ्या गावाला वळवून बसवणारी ती बाई स्वतः उजेडाकडे पाठ करून उभी होती. आजी पुढे झाल्या, लेकीची हनुवटी धरली आणि तिचं तोंड बत्तीकडे वळवलं.

"उजेडात तोंड कर," आजी म्हणाल्या. "आता सांग."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षं बाई आल्यागेल्याला फिरवून बसवत होत्या तो काही स्टुडिओचा नाद नव्हता. आई आपलं ऐकत नसली तरी जगाचं तिला ऐकू यावं म्हणून नगरपालिकेच्या कारकुनापासून माझ्यापर्यंत प्रत्येकाचं तोंड त्या तिच्यापुढे उजेडात धरत होत्या. मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

पुढची दोन वर्षं मी त्या घरात राहिलो तशी पुन्हा कुठे राहिलो नाही. अंगणाच्या एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला आजी, आणि मध्ये आवाज न होता चाललेल्या अखंड गप्पा. त्यात माझी थट्टा चाललेली असे हे मला दोघींच्या भुवयांवरून कळे. मग माझी बदली झाली. दोघी बंदरावर आल्या होत्या. बोट लांब उभी होती आणि पडावातून तिथवर जायचं होतं. पडाव सुटला, धक्का मागे पडू लागला, तेव्हा मी उभा राहिलो, उन्हाकडे तोंड केलं आणि हळूच, आवाज न करता म्हणालो, "आजी, येतो. वेळेवर जेवत जा."

"जेवल्याशिवाय राहत्ये काय रे मी," धक्क्यावरून आजींचा आवाज आला आणि पडावातली माणसं चमकून माझ्याकडे बघू लागली. तीन वर्षांत माझं घाटावरचं तोंड त्यांना वाचता येण्याजोगं झालं होतं, याचा मला कुठल्याही परीक्षेत मिळाला नाही एवढा आनंद झाला. शेजारी बाई उभ्या होत्या. त्यांनीही उजेडात नीट तोंड केलं आणि काहीतरी सांगितलं, बराच वेळ, नुसत्या ओठांनी. मी डोळे ताणून बघत राहिलो, पण मला ते वाचता आलं नाही. आजींना ठाऊक असणार, पुढच्या खेपेला विचारू, असं म्हणून मी हात हलवला. ती पुढची खेप राहूनच गेली.